न्यूट्रलमध्ये न चालणारा नंदी

"चावी कुठंय?" महाराजांनी माइकवरून विचारलं.

"तुमच्या हातात!" गर्दी ओरडली.

"ड्रायव्हर कुठंय?"

"नाय!"

"बॉनेटला हात लावून सांगा, इंजिन गरम का थंड?"

पुढच्या रांगेतल्या एका पागोटेवाल्याने भीत भीत हात लावला. "थंड! एकदम थंड!"

"मग चालवतो कोण?"

"नंदी! नंदी! नंदी!"

मखमलाबादच्या पुढच्या माळावर, मुरमाच्या चढाच्या पायथ्याशी नंदीरथ उभा होता. महाराज त्याला रथ म्हणत. लांबून पाहणाऱ्याला ती एक जीप दिसली असती. पण साधी जीप नव्हे. कमरेएवढी चाकं, टपावर मोठी पेटी, पुढच्या काचेच्या कडेने वर गेलेली काळी नळी, बंपरवर पोलादी दोर गुंडाळलेला रूळ. सगळ्या अंगाला भगवा रंग, त्यावर झेंडूच्या माळा आणि बॉनेटवर पितळी शिंगं.

चढावरच्या चौथऱ्यावर उभ्या महाराजांनी रुद्राक्षांचा हात आभाळाकडे नेला. "चाल रे नंदी, चाल!"

जीपच्या पोटातून आवाज आला. घर्रर्र... घर्रर्र... आणि ती हलली. जड बैल पाऊल टाकतो तशी, थोडी पुढे, थांबली, पुन्हा थोडी पुढे. चढावर! आत कुणी नाही, धूर नाही. बायांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुषांनी मोबाइल वर धरले.

"ऐकला हुंकार?" महाराज म्हणाले. "परदेशातले शास्त्रज्ञ येऊन गेले. यंत्र लावलं. यंत्रच बंद पडलं!"

कुठल्या देशातले, केव्हा आले, कुठे उतरले, हे कुणीच विचारलं नाही. महाराजांना थांबायला वेळ नव्हता. काळ्या नळीतून नंदी श्वास घेतो. टपावरच्या दिव्यांची रांग म्हणजे त्याचे नऊ नेत्र. बंपरवरचा दोर म्हणजे नागपाश. वरच्या पेटीत साक्षात कैलास. पूर्वी हा गृहस्थ भाजीच्या लिलावात बोली पुकारायचा म्हणे. आवाज तोच होता, फक्त माल बदलला होता.

गर्दीच्या तिसऱ्या रांगेत मंजुषा उभी होती. ती जनावरांची डॉक्टर, पेठ तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. चमत्कार बघायला ती आली नव्हती. थोरली जाऊ छाया, पुतणी वैष्णवी आणि सासूबाई नवसाबाई यांना गाडीतून सोडायला आली होती. सगळे जण रथाच्या शिंगांकडे बघत होते. मंजुषा बघत होती बंपरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोच्याकडे.

तो पोचा तिनेच पाडला होता.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "ही तर आपली धोंडी!"

धोंडी हे त्या जीपचं जुनं नाव. मंजुषाचा नवरा शेखर ओझरच्या विमान कारखान्यात होता आणि दोघांनाही डोंगरांचं वेड. त्यांनी ती जुनी डिझेल जीप घेतली, आणि सुट्टी मिळाली की तिच्यात काहीतरी नवं बसवलं. नदी ओलांडताना इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून नळी वर काढली. चिखलात रुतली तर झाडाला दोर बांधून स्वतःला ओढून घ्यायला विंच लावला. टपावर पेटीत घडी होणारा तंबू. मग हरसूल, पेठ, सुरगाण्याकडच्या वाटा, जिथे बैलगाडीसुद्धा विचार करून जाते, तिथे त्यांनी धोंडी घातली. शेखरच्या पाठीचा मणका सरकला, डॉक्टरांनी हादरे बंद करायला सांगितले, तेव्हा ती विकावी लागली. सिन्नरकडचा योगेश नावाचा तरुण घ्यायला आला होता. "काकू, टुरिस्ट लोकांना जंगल फिरवायचंय," म्हणाला होता.

तोच योगेश आता भगवा सदरा घालून, कमरेला भस्माची झोळी बांधून, महाराजांच्या उजव्या हाताला उभा होता.

मंजुषाला हसू आवरेना. कैलास म्हणवल्या जाणाऱ्या त्या पेटीत तिने किती वेळा पिठलं सांडलं होतं! पण तेवढ्यात महाराजांनी छायाला पुढे बोलावलं आणि तिचं हसू थांबलं.

वैष्णवीला दोन वर्षांपासून फिट यायच्या. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि गोळ्या चालू असताना वर्षभर फिट आली नव्हती. पण "बाहेरचं काहीतरी असेल" हे वाक्य घरात येत-जात राहायचं. अकरावीत शिकणारी ती पोरगी मान खाली घालून आईच्या मागे उभी होती.

"नंदी," महाराज गंभीर झाले, "या पोरीला आजार असेल तर जागेवर थांब. बाधा असेल तर पाऊल टाक."

घर्रर्र. रथाने पाऊल टाकलं.

गर्दीतून "अरेरे" असा लांब सूर निघाला. शेकडो डोळे वैष्णवीवर खिळले. तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"बाधा असल्यावर गोळ्या काय करणार माउली?" महाराज छायाला म्हणाले. "गोळ्या गोदावरीला अर्पण कर. सात सोमवार नंदीच्या चाकाचं तीर्थ दे."

परतताना गाडीत मंजुषा म्हणाली, "छायाताई, ती आपली जुनी जीप आहे. बघितली नाहीत का? आपल्या अंगणात उभी असायची."

"असेल," छाया शांतपणे म्हणाली. "देवाला कुठल्याही रूपात यावंसं वाटतं."

"देव नाही, सेल मारतात त्यात, स्टार्टर! सुरगाण्याजवळ ओढ्यात इंजिन बंद पडलं होतं, तेव्हा यांनी गाडी पहिल्या गियरमध्ये टाकून नुसत्या सेलवर काठाला काढली होती. हाच आवाज होता, घर्रर्र!"

"सेल मारायला आत माणूस लागतो ना? आत कोण होतं?"

नवसाबाईंनी विषय संपवला. "तू गुरांची डॉक्टर हायस. म्हशीचं पोट फुगलं की तुला विचारू. पोरीचं काय ते आईबाप बघतील."

"आई, गोळ्या एकदम थांबवल्या तर धोका असतो. निदान डॉक्टरांना तरी..."

"लय शिकलीस," नवसाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मंजुषाने रात्री छायाच्या नवऱ्याला, दीर जीवनला, फोन केला. जीवन फुलशेती करायचा, स्वभावाने गरीब. "मी छायाला सांगतो," म्हणाला. त्याने सांगितलंही असेल. पण गोळ्या नदीत गेल्या आणि चाकाचं तीर्थ तांब्यात आलं.

पुढच्या सोमवारच्या आतच, सकाळी झेंडू तोडताना, वैष्णवी सरीत कोसळली.

मळा जवळच होता. छायाची किंकाळी ऐकून मंजुषा पळत पोचली. पोरीचे हातपाय झटके देत होते, दात घट्ट बसले होते. नवसाबाई नाकाला लावायला चप्पल घेऊन आल्या होत्या, जीवन तोंडात चमचा घालायला बघत होता.

"चमचा नको! चप्पल नको! बाजूला व्हा!" मंजुषा ओरडली. तिने वैष्णवीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली, आजूबाजूची खुरपी-टोपल्या लांब भिरकावल्या. झटके थांबेनात. एक लाट ओसरते तोवर दुसरी. गाडी काढून दवाखान्यात नेईपर्यंत पोरगी शुद्धीवर आलीच नाही. सुई दिल्यावर झटके थांबले.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं. "अशी सलग फिट जिवावर बेतते, ताई. आज वेळेत आणलंत म्हणून."

छाया दवाखान्याच्या बाकावर गुडघे जवळ घेऊन बसली. आता तरी हिचे डोळे उघडतील, असं मंजुषाला वाटलं. तेवढ्यात छाया रडत म्हणाली, "मंजू, तू रथाला नावं ठेवलीस. नंदी कोपला. सोमवारी जाऊन पाया पडायला पाहिजे."

औषध बंद केल्याने आजार उलटला, आणि त्याचं श्रेय मात्र रथाला! पोरगी बरी असती तर रथाची कृपा, पडली तर रथाचा कोप. या हिशेबात रथ हरणार कधी?

"जाऊ या," ती म्हणाली. "सोमवारी सगळेच जाऊ. फक्त तोवर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या चालू राहतील. एवढं माझं ऐका."

छायाने मान हलवली. त्या दिवशी ती कशालाही हो म्हणाली असती.

घरी आल्यावर मंजुषाने शेखरला सगळं सांगितलं. तो अंगणात आरामखुर्चीवर पाठीला उशी लावून बसला होता. "सेल आहे हे नक्की," तो म्हणाला. "लो गियर टाकलेला, आणि इंजिन बंद करायची दोरी ओढून ठेवलेली. डिझेल पोचत नाही, म्हणून इंजिन पेटत नाही, धूर नाही, बॉनेट थंड. सेलची मोटर बॅटरीवर फिरते आणि गाडी ढकलते. आपण दोन बॅटऱ्या बसवल्यात ना, दम आहे तिच्यात."

"पण बटण कोण दाबतं?"

शेखरने डोळे मिटून जीपची एकेक वायर आठवली. मग हसायला लागला, हसता हसता पाठीत कळ आली तरी थांबेना. "विंच! विंचला वायरलेस रिमोट होता. लांब उभं राहून दोर ओढायचा. त्याची वायर विंचऐवजी सेलला जोडली असणार. योगेशच्या झोळीत भस्म नाही, रिमोट आहे!"

"आपल्याकडे दुसरा रिमोट होता," मंजुषा म्हणाली.

तो पान्यांच्या डब्यात सापडला. विकताना द्यायचा राहून गेला होता. मंजुषाने त्यात नवी बॅटरी घातली. छोटा लाल दिवा लागला.

शेखरने पोलिसांत रीतसर तक्रार दिली. जादूटोणा विरोधी कायदा आहे, उपचारापासून रोखणं हा गुन्हा आहे, हे त्याने नीट लिहून दिलं. सोमवारी साध्या कपड्यांतले दोन पोलीस गर्दीत उभे राहतील असं ठरलं.

रिमोट मंजुषा स्वतःच्या पर्समध्ये टाकत होती, तेवढ्यात दवाखान्यातून घरी आलेली वैष्णवी म्हणाली, "काकू, तो मला दे."

"तुला त्रास होईल. तिथे सगळे बघतात."

"मागच्या वेळी बघितलंच ना सगळ्यांनी," वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज अजून अशक्त होता. "माझ्याबद्दल प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं जीपने. मला कुणीच विचारलं नाही."

मंजुषाने रिमोट तिच्या हातात दिला.

सोमवारी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. छाया नारळ घेऊन, नवसाबाई हात जोडून पुढे गेल्या. महाराजांनी वैष्णवीला ओळखलं. दवाखान्याची बातमी त्यांच्या कानावर आली असावी.

"या घरात पाखंड शिरलंय!" ते माइकवर कडाडले. "नंदीवर संशय घेतला, भोगा फळं! नंदी सगळं जाणतो!"

"मग मी नंदीला विचारू का?" वैष्णवी म्हणाली.

गर्दीसमोर नाही म्हणणं महाराजांना जड गेलं. त्यांनी योगेशकडे एक नजर टाकून माइक पुढे केला. वैष्णवीचा डावा हात ओढणीआड होता.

"नंदी," ती म्हणाली, "मी डॉक्टरांच्या गोळ्या घेऊ का? घेऊ म्हणत असशील तर पाऊल टाक."

घर्रर्र! रथाने पाऊल टाकलं.

महाराजांनी झर्रकन योगेशकडे पाहिलं. योगेशने झोळीतला हात बाहेर काढून दाखवला: मी नाही!

"नंदी, गोळ्या बंद केल्या म्हणून मला फिट आली ना?"

घर्रर्र!

"थांब!" महाराज म्हणाले.

"नंदी, तुझं खरं नाव धोंडी ना?"

घर्रर्र! गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि हे महाराज खोटं बोलतात ना?"

घर्रर्र! घर्रर्र! रथ चढावरच्या चौथऱ्याच्या दिशेने सरळ निघाला. "थांब नंदी, थांब, आज्ञा आहे!" म्हणत महाराज दोन पावलं मागे सरले, आणि नंदी काही आज्ञा मानेना हे बघून त्यांनी चौथऱ्यावरून खाली उडी मारली. एक खडाव वरच राहिली.

"पुरे, वैष्णवी," मंजुषा म्हणाली.

वैष्णवीने ओढणीआडून हात काढला आणि रिमोट सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

मंजुषा पुढे झाली. तिने दोघांना मागच्या चाकांना दगड लावायला सांगितलं आणि रथाचं दार उघडलं.

"स्त्रीचा स्पर्श चालत नाही रथाला!" खालून महाराज ओरडले.

"सहा वर्षं चालवलीय मी," मंजुषा म्हणाली. "तेव्हा तर काही बोलली नाही."

या वेळी हसणारे बरेच होते. तिने दांडा हलवला. "आता मी गियर काढला. गाडी न्यूट्रल आहे. महाराज, तुम्हीच म्हणा, चाल रे नंदी. देवाला गियर लागत नसेल."

महाराज म्हणाले नाहीत. वैष्णवीने बटण दाबलं. हुंकार आला, तोच, घर्रर्र. रथ जागचा हलला नाही. पुन्हा बटण, पुन्हा घर्रर्र. नंदी नुसताच ओरडत राहिला.

मंजुषाने मग बॉनेट उघडलं. डिझेल तोडणारी ओढलेली दोरी दाखवली. विंचची वायर कापून सेलच्या मोटरला कशी जोडलीय, ते बोटाने दाखवलं. "इंजिन पेटत नाही, फक्त सेलची मोटर फिरते. गियर पडलेला असला की ती चाकं ओढते. चमत्कार एवढाच."

पुढच्या रांगेतला, मागच्या खेपेला बॉनेटला हात लावणारा पागोटेवाला, दत्तू त्याचं नाव, कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, हे तर ट्रॅक्टरचं! गियर पडलेला ऱ्हायला न् सेल मारला की ट्रॅक्टर उडी मारतो. रोज बघतो की आम्ही!"

"हो ना," मंजुषा म्हणाली. "मग त्या दिवशी का नाही आठवलं?"

दत्तू ओशाळला. "झेंडू घातला व्हता ना त्याला."

"मला तुमच्या देवाबद्दल काही म्हणायचं नाही," मंजुषा गर्दीकडे वळली. "दारावर नंदीबैल येतो, ढोलकी वाजली की मान हलवतो. आपण हसतो, सुपात धान्य घालतो. त्याला विचारून कुणी औषध बंद करत नाही. शिंगं लावलेल्या जीपला विचारून का केलं? कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच म्हणा, जरा गियर काढून दाखवा. खरं असेल तर गियर काढल्यावरही चालेल."

तोवर साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी योगेशच्या झोळीतून जुळा रिमोट बाहेर काढला होता. महाराज म्हणत होते की ते फक्त निवेदन करतात, तांत्रिक बाजू योगेशची. योगेश म्हणत होता की कल्पना महाराजांची. दोघांपैकी कुणालाही या घडीला नंदी आठवला नाही. त्यांना गाडीत बसवून नेलं, तेव्हा एक म्हातारा रथाच्या चाकाला हात लावून कपाळाला लावत होता. "असू दे," तो म्हणाला, "लांबून आलोय."

नवसाबाई मात्र अजून जागच्या हलल्या नव्हत्या. "ते समदं खरं," त्या हळूच म्हणाल्या, "पण पोरीच्या अंगात मग काय हाय?"

माइक वैष्णवीच्याच हातात होता, चालू. प्रश्न अर्ध्या माळाने ऐकला. निघालेली माणसं वळली. मंजुषा उत्तर देणार होती, पण वैष्णवीने तिला थांबवलं.

"आजी, माझ्या अंगात कुणी नाही. मीच आहे," ती म्हणाली. "मला फिटचा आजार आहे. मेंदूचा. कुणाला साखर असते, कुणाला दमा असतो, तसा. गोळी घेतली की मी कॉलेजला जाते, झेंडू तोडते, हसते. नाही घेतली की पडते. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि पाप तर नाहीच. तुमच्या घरात कुणी असं असेल तर त्याला गर्दीसमोर उभं करू नका. डॉक्टरकडे न्या. आणि त्याच्याबद्दल काही विचारायचं असेल तर जीपला नको, त्यालाच विचारा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाजूला एक बाई कडेवरचं पोर सावरत जवळ आली आणि डॉक्टरांचं नाव विचारून गेली.

छाया इतका वेळ हातात नारळ धरून उभी होती. तो तिने चौथऱ्याच्या कडेला ठेवला, न फोडता. पोरीजवळ आली, तिच्या घामेजल्या कपाळावरचे केस मागे सारले.

"चल घरी," ती म्हणाली. "संध्याकाळची गोळी चुकायला नको."